पासंग

वादी कबीरच्या कार्गो दुकानातला माझा काटा
वीस वर्षांत खोटं बोललेला नाही.
रोज सकाळी त्याला पाच किलोचं लोखंडी वजन दाखवतो,
तो पाच म्हणतो,
मग दिवसाचा पहिला चहा.

मंगळवारी रात्री शटर ओढल्यावर
सुफियान त्यावर अनवाणी चढला.
चोपन्न सहाशे.
बनियन काढली. चोपन्न पाचशे.
श्वास सोडून पाहिला,
आकडा जागचा हलला नाही.

"चोपन्नमध्ये बसलो तर बरं, अब्बा.
सत्तावनला सीबचा तो पोरगा आहे,
त्याचे हात गुडघ्यापर्यंत येतात."

पाचशे ग्रॅम.
माझ्या धंद्यात पाचशे ग्रॅम म्हणजे
लोणच्याची एक बरणी
किंवा कुणाच्या तरी आईसाठी घेतलेलं
बीपी मोजायचं यंत्र.
सोळा वर्षांच्या पोरात ते कुठे ठेवलेलं असतं,
मला सांगता येईना.

गुरुवारी पॅकिंगचा रोल अर्धाच उरला होता.
डोंगराकडच्या रस्त्यावर सापडला मला,
छातीपासून कंबरेपर्यंत खोक्यासारखा गुंडाळलेला,
वर काळं जॅकेट, ओठ पांढरे,
आणि सूर्य तर अजून नीट उगवलाही नव्हता.
दुकानात आणून कात्रीनं फिल्म कापली.
आतून पाणी गळलं, कोमट.
मी ओरडणार होतो.
पण कात्री माझ्याच हातात थरथरत होती.

वजन जास्त भरलं की गिऱ्हाईक खोकं उघडतं.
काउंटरमागून मी वर्षानुवर्षं बघतोय.
पोरीची बाहुली आत राहते,
बायकोचं अत्तर, सासऱ्याची टॉर्च आत राहते.
बाहेर येतात त्याचे स्वतःचे बूट.
"राहू द्या, पुढच्या वेळी नेतो."
माझ्या मागच्या फळीवर अशा पुढच्या वेळा
जोडीजोडीनं धूळ खात पडल्यात.

मीही नेले नाहीत.
पहिली चार वर्षं रुवीतली खोली, आठ खाटा,
खुबूस आणि दही, दही आणि खुबूस.
फणसोपला घराचा स्लॅब पडला त्या पैशांत.
सुट्टीवर गेलो तर माँ दारात उभी,
माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली,
रिक्षातून अजून कोणी उतरतंय का म्हणून.

हे त्याला सांगितलं नाही.
खल्फान कोचकडे नेऊन उभा केला.
अग्निशमन दलातला माणूस, नाक दोनदा मोडलेलं,
पोराचं मनगट दोन बोटांत धरून म्हणाला,
"हाड वाढतंय याचं. त्याला काय सांगू, थांब म्हणून?
सत्तावन. उद्यापासून अंडी."

स्पर्धेच्या सकाळी नसीमानं तांदळाची भाकरी केली,
सुका बोंबील भाजला; शेजारच्या मलबारी बाईनं
खिडकी आपटून लावली.
वजनाच्या रांगेत बाकीची पोरं
डब्यात थुंकत होती, टाळूला चिकटलेली जीभ
बोटानं सोडवत होती.
आमचा ढेकर देऊन चढला.
पंचावन्न दोनशे.
टेबलावरचा अधिकारी पंचावर हसला,
"हा तर पासंगालाही पुरायचा नाही."
सुफियाननं माझ्याकडे पाहिलं.
मी काट्याकडे.

हरला. तीन विरुद्ध दोन.
तिसऱ्या फेरीत सीबच्या पोराचे लांब हात
खाली यायला लागले होते
आणि आमचा त्या हातांच्या आत शिरून
ठक, ठक, दारावर थाप मारावी तसा.
घंटा झाली तरी पायांवर.
गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य:
"भाकरी उरलीय का?"
दुसरं बराच वेळ आलं नाही.
मग, कुरमच्या सिग्नलला,
"तो पुढच्या वर्षी साठला जाईल, अब्बा. मी पण."

शनिवारी एक गिऱ्हाईक आलं, अकोल्याचा वेल्डर.
तीस किलोची मर्यादा, भरलं एकतीस चारशे.
त्यानं न विचारताच टेप सोडवला,
आणि हात घातला तो थेट तळाशी,
नव्या चामडी बुटांवर.

काट्यानं एकतीस चारशेच दाखवलं.
पावतीवर मी तीस लिहिलं
आणि खोकं त्याच्या हाताखालून ओढून घेऊन
फिल्म गुंडाळायला लागलो.